मिर-२१ ‘उच्च’ आला, म्हणून केमो द्यायची का? दुसऱ्या टप्प्याच्या कोलन कॅन्सरचे एक प्रकरण

रुग्ण ५८ वर्षांच्या बाई. सिग्मॉइड कोलनमधली गाठ दुर्बिणीने काढून सहा आठवडे झाले आहेत. हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल स्वच्छ म्हणावा असा: मध्यम प्रतीचा अॅडेनोकार्सिनोमा, गाठ स्नायूथर ओलांडून भोवतालच्या चरबीत पोहोचलेली पण पेरिटोनियमपर्यंत (पोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत) नाही, म्हणजे पीटी३. १४ लिम्फ नोड तपासले, एकातही आजार नाही. रक्तवाहिन्या, लसवाहिन्या आणि मज्जातंतूंभोवती कॅन्सर दिसत नाही, कडा मोकळ्या, आतडे तुंबलेले किंवा फुटलेले नव्हते. डीएनए दुरुस्त करणारी एमएमआरची चारही प्रथिने शाबूत. शस्त्रक्रियेआधीचा सीईए (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला मोजतात ते रक्तातले प्रथिन) ३.८. थोडक्यात दुसरा टप्पा, कमी धोक्याचा गट.

मधल्या काळात घरच्यांनी पॅराफिन ब्लॉक, म्हणजे गाठीचा मेणात जपलेला तुकडा, बाहेरच्या एका प्रयोगशाळेत पाठवून ‘आरएनए रिस्क पॅनेल’ करून घेतले. त्यात मिर-२१ या लहान आरएनएबद्दल लाल अक्षरात एक ओळ आली: मिर-२१ निरोगी श्लेष्मलाच्या (आतड्याच्या आतल्या अस्तराच्या) ४.६ पट, आजार परत येण्याचा धोका जास्त. केमो द्यायची असेल तर ती शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी लागते. त्यामुळे ट्यूमर बोर्डाकडे, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाकडे, विचार करायला फार दिवस नाहीत.

हा रुग्ण शिकवण्यासाठी रचलेला आहे आणि त्याचे प्रयोगशाळेतले आकडे नेहमीच्या अहवालांच्या धर्तीवर बसवले आहेत. प्रसिद्ध अभ्यासांचे जे आकडे पुढे येतात ते मात्र प्रत्यक्षातले आहेत.

हा प्रश्न दुसऱ्या टप्प्यातच का येतो

पहिल्या टप्प्यात शस्त्रक्रिया पुरते. तिसऱ्या टप्प्यात नोडमध्ये आजार असतो, तिथे केमोबद्दल फारसा वाद नाही. दुसऱ्या टप्प्यातले शंभरातले सुमारे ७५ ते ८० जण नुसत्या शस्त्रक्रियेने बरे होतात. उरलेल्यांत आजार परत येतो, पण ते कोण हे आधी कळत नाही. केमोचा फायदा मोजणारा सर्वात मोठा अभ्यास म्हणजे ब्रिटनमधला क्वेसार, २००७ साली प्रसिद्ध झालेला. त्यात ३,२३९ रुग्ण होते, त्यातले ९१ टक्के दुसऱ्या टप्प्याचे. फ्लुरोयुरॅसिल या केमोच्या औषधामुळे जगण्याच्या प्रमाणात पडलेला फरक होता ३.६ टक्के. म्हणजे तीसएक जणांना औषध द्यायचे तेव्हा त्यातल्या एकाचा जीव वाचायचा. त्याच जातीचे कॅपेसिटाबिन दिले तर २४ आठवडे गोळ्या, जुलाब, तळहात-तळपायांची साल निघणे. सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन दिले तर बोटांचा बधिरपणा, जो काहींचा वर्षानुवर्षे जात नाही.

जास्त धोक्याचे जे थोडे रुग्ण आहेत ते आधीच ओळखू आले तर बाकीच्यांची यातून सुटका होईल. नॉन-कोडिंग, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या, आरएनएवर गेली दोन दशके इतकी मेहनत चालली आहे ती याच आशेने, आणि ती आशा रास्त आहे. बोर्डापुढचा प्रश्न एवढाच की या बाईंच्या कागदावरचा आकडा ती पुरी करतो का.

मिर-२१ कुठून आला

मिर-२१ हा २२ न्यूक्लिओटाइडचा मायक्रोआरएनए. त्याचा जीन १७ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्यातून प्रथिन बनत नाही. तो आर्गोनॉट प्रथिनाला चिकटून दुसऱ्या जीन्सच्या संदेशवाहक आरएनएला गप्प करतो. त्याने दाबलेल्यांत पीडीसीडी४ आणि पीटेन हे गाठीला आवर घालणारे जीन आहेत, म्हणून मिर-२१ वाढला की पेशींचा लगाम सैल होतो.

प्रोग्नॉस्टिक मार्कर, म्हणजे आजार पुढे कसा वागेल हे सांगणारी खूण, म्हणून त्याची पत तयार झाली २००८ च्या एका अभ्यासाने. अमेरिकेतल्या मेरीलँडमधले ८४ रुग्ण आणि पडताळणीसाठी हाँगकाँगमधले ११३. मिर-२१ जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका पहिल्या गटात २.५ पट आणि दुसऱ्यात २.४ पट आढळला. टप्पा हिशेबात धरल्यावरही संबंध टिकला. दोन खंडांतल्या दोन स्वतंत्र गटांत इतके जुळणारे आकडे या क्षेत्रात फार कमी वेळा मिळाले आहेत, म्हणून हा अभ्यास आजही गांभीर्याने घ्यावा असाच आहे.

पुढे डेन्मार्कमधल्या गटांनी नेमका दुसरा टप्पा निवडला आणि इन सिटू हायब्रिडायझेशनने, म्हणजे थेट काचपट्टीवर, मिर-२१ कुठे आहे ते पाहिले. २०११ च्या कामात १३० कोलनचे आणि ६७ रेक्टमचे रुग्ण होते. कोलनमध्ये संबंध दिसला, रेक्टममध्ये दिसला नाही. २०१२ मध्ये ५२० रुग्णांच्या मोठ्या गटात कोलनचा निष्कर्ष पुन्हा आला. त्यांच्या काचपट्ट्यांवर निळा रंग बहुतेक करून कॅन्सरच्या पेशींत नव्हताच. तो भोवतालच्या स्ट्रोमात, म्हणजे गाठीच्या आधारऊतीत, फायब्रोब्लास्टसारख्या पेशींत होता. ही गोष्ट या प्रकरणात निर्णायक ठरते.

४.६ हा आकडा उघडून पाहिला

बोर्डाने प्रयोगशाळेकडून कच्चे आकडे मागवले. पटींचा आकडा एकटा आला की त्यावर चर्चा करू नये, सीक्यू मागावेत. सीक्यू म्हणजे पीसीआरच्या (चक्रागणिक रेणूंच्या प्रती वाढवणाऱ्या पद्धतीच्या) कितव्या चक्रात चमक उंबरठा ओलांडते तो क्रमांक. तो एकाने कमी झाला तर मूळ रेणू दुप्पट होते असा अर्थ.

आलेले आकडे असे. ट्यूमरमध्ये मिर-२१ चा सीक्यू २३.१ आणि संदर्भ म्हणून वापरलेल्या आरएनयू६बीचा २९.४, फरक उणे ६.३. निरोगी कडेच्या ब्लॉकमध्ये २४.६ आणि २८.७, फरक उणे ४.१. दोन फरकांतले अंतर २.२, आणि दोनचा २.२ वा घात म्हणजे ४.६. गणित बरोबर आहे.

पण आरएनयू६बीकडे पाहा. तो संदर्भ आहे, म्हणजे दोन्ही ब्लॉकमध्ये त्याने सारखे असायला हवे. इथे ट्यूमरमध्ये तो ०.७ चक्राने मागे आहे. ट्यूमरच्या तुकड्यात तो खरोखर कमी होता, की जास्त सडला होता? ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना कापून तपासतानाच्या, नोंदीत उत्तर सापडले. नमुना शनिवारी संध्याकाळी न उघडता फॉर्मलिनमध्ये ठेवला गेला आणि सोमवारी सकाळी कापला. फॉर्मलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते. बंद आतड्याच्या आतली जाड गाठ त्या वेळात आतून कुजू लागते, पातळ कड मात्र लवकर स्थिर होते. नमुना लगेच लांबीत उघडून, कॉर्कवर ताणून टाचून, दहापट आकारमानाच्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये २४ ते ४८ तास ठेवला असता तर हा फरक बराच कमी झाला असता.

आरएनयू६बी हा न्यूक्लियसमधल्या यू६ कुटुंबातला आरएनए. त्याची घडण वेगळी, राहण्याची जागा वेगळी आणि सडण्याचा वेगही वेगळा. मिर-२१ लहान असतो आणि प्रथिनाच्या आत दडलेला असतो, त्यामुळे तो खराब ब्लॉकमध्येही टिकतो. संदर्भ सडला आणि मोजायचा रेणू टिकला की भागाकार फुगतो. या क्षेत्रातल्या जुन्या प्रबंधांत यू६ किंवा आरएनयू६बी सरसकट वापरलेला दिसतो. निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत त्याचे मोठे कारण हेच आहे असे आमचे ठाम मत आहे.

पुन्हा मोजणी

तोच ब्लॉक परत मागवून मोजणी नव्याने केली. पायऱ्या सविस्तर देतो, कारण चूक होते ती यातच.

आधी एच अँड ई या नेहमीच्या रंगांच्या काचपट्टीवर पॅथॉलॉजिस्टने ट्यूमरचा भाग पेनाने आखला. ब्लॉकच्या उघड्या तोंडावरची पहिली दोन-तीन कात्रणे फेकली, कारण हवेतला ऑक्सिजन आणि हाताळणी यांनी तिथला आरएनए सर्वात खराब असतो. मग १० मायक्रॉनची चार कात्रणे. प्रत्येक ब्लॉकला नवी ब्लेड आणि मधे आरनेज (आरएनए तोडणारे विकर) मारणाऱ्या द्रावणाने पुसलेला मायक्रोटोम. ट्यूमरच्या ब्लॉकनंतर तीच ब्लेड निरोगी ब्लॉकवर फिरवली तर निरोगीतही मिर-२१ वाढलेला दिसतो, आणि ही चूक कुठल्याही आकड्यात नंतर पकडता येत नाही.

झायलीनने मेण काढून निव्वळ इथेनॉलने दोनदा धुतले आणि इथेनॉल पूर्ण वाळू दिले. मग प्रोटीनेज के घालून ५६ अंशांवर १५ मिनिटे आणि ८० अंशांवर १५ मिनिटे. दुसरी पायरी फॉर्मलिनने बांधलेले दुवे सोडवते. ती लांबवली की आरएनएचे तुकडे पडतात, वगळली तर अर्धाअधिक आरएनए बांधलेलाच राहतो. डीएनेज प्रक्रिया झाल्यावर स्तंभावर चढवणे.

इथे नवख्या प्रयोगशाळा हमखास अडखळतात. आरएनए काढायच्या नेहमीच्या किटात ७० टक्के इथेनॉल समप्रमाणात घालतात. त्या प्रमाणात २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान आरएनए सिलिकाला चिकटत नाही, धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. मायक्रोआरएनए हवा असेल तर निव्वळ इथेनॉल आणि साधारण दीडपट आकारमान लागते. चुकीच्या किटने काढलेल्या नमुन्यात एकूण आरएनए भरपूर दिसतो, २६०/२८० गुणोत्तर २.० येते, सगळे छान वाटते, आणि मायक्रोआरएनए मात्र नावापुरता उरलेला असतो.

पुढे १० नॅनोग्रॅम आरएनए घेऊन स्टेम-लूप प्रायमरने १५ मायक्रोलिटरमध्ये रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन (आरएनएची डीएनए प्रत करणे): १६ अंशांवर ३० मिनिटे, ४२ वर ३० मिनिटे, ८५ वर ५ मिनिटे. मग पीसीआर: ९५ अंशांवर १० मिनिटे, त्यानंतर ९५ वर १५ सेकंद आणि ६० वर एक मिनिट अशी ४० चक्रे. प्रत्येक नमुना तीन वाट्यांत, सोबत पाण्याची एक वाटी आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली एक. तीन वाट्यांतले विचलन ०.३ चक्रापेक्षा जास्त आले तर तो नमुना पुन्हा लावायचा. एक दशांश पातळ केलेल्या नमुन्याचा सीक्यू सुमारे ३.३ ने सरकायला हवा. कमी सरकला तर मूळ नमुन्यात ग्वानिडीन किंवा इथेनॉलसारखा अडथळा उरला आहे असे समजावे.

संदर्भ म्हणून आता मिर-१६ आणि मिर-३४५ यांची सरासरी घेतली. कोलोरेक्टल ऊतीसाठी ही जोडी स्थिर असल्याचे २०१० मध्ये दाखवले गेले आहे. मिर-१६ तांबड्या पेशींत भरपूर असतो, म्हणून रक्तस्राव झालेला भाग आखणीतून वगळावा लागतो. मायक्रोआरएनएला संदर्भही मायक्रोआरएनएच असला की दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने सडतात, आणि ब्लॉकचा दोष बऱ्याच अंशी वजा होतो.

निकाल: ट्यूमरमध्ये मिर-२१ २३.२ आणि संदर्भ २६.३, फरक उणे ३.१. निरोगीत २४.५ आणि २६.२, फरक उणे १.७. अंतर १.४, म्हणजे २.६ पट.

तीच बाई, तोच ब्लॉक. आधी ४.६, आता २.६.

कुठून कापले, तेही महत्त्वाचे

मग आखणीचे दोन भाग करून वेगवेगळे मोजले. आतड्याच्या पोकळीकडचा, ग्रंथींनी गच्च भरलेला भाग: २.० पट. चरबीत शिरणारी कड, जिथे ग्रंथी विरळ आणि तंतुमय स्ट्रोमा भरपूर: ३.५ पट.

डॅनिश काचपट्ट्यांवरचा निळा रंग इथे आकड्यांत दिसला. ऊती दळून केलेला पीसीआर मिर-२१ मोजतो तेव्हा तो बऱ्याच अंशी त्या तुकड्यात स्ट्रोमा किती होता हेच मोजतो. स्ट्रोमा जास्त असणे हे स्वतःच वाईट लक्षण आहे. २०१५ मध्ये कोलोरेक्टल कॅन्सरची चार रेण्वीय गटांत विभागणी झाली, त्यातल्या स्ट्रोमाने भरलेल्या चौथ्या गटाचे भवितव्य इतरांपेक्षा वाईट आहे. त्यामुळे मिर-२१ ची प्रोग्नॉस्टिक ताकद खोटी ठरत नाही. पण ऊतीचा तुकडा कुठून घेतला यावर अहवाल ‘उच्च’ की ‘नीच’ हे ठरत असेल, तर तुकडा कुठून घ्यायचा हे आधी लिहून ठरवलेले हवे. या प्रयोगशाळेने ब्लॉकचे सबंध तोंड कापले होते, त्यात खालचा स्नायूथरही आला.

या क्षेत्राला हा धडा आधीही मिळाला आहे. २००३ मध्ये मिर-१४३ आणि मिर-१४५ हे कोलोरेक्टल गाठींत कमी होतात असे पहिल्यांदा कळले आणि ते एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या, पेशींतले ट्यूमर सप्रेसर (गाठ रोखणारे) आहेत असे मानून कितीतरी काम झाले. २०१४ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसले की ते मुळात मेसेन्कायमल, म्हणजे स्नायू आणि आधारऊतीच्या, पेशींतच असतात. निरोगी तुकड्यात स्नायू जास्त, गाठीत कमी, एवढ्यानेही ती ‘घट’ दिसू शकते.

‘उच्च’ कोणत्या रेषेच्या वर?

अहवालाच्या तळटीपेत सीमारेषा दिली होती: २ पट. ही रेषा कुठून आली असे विचारल्यावर उत्तर मिळाले की ट्यूमर आणि निरोगी ऊती वेगळ्या ओळखण्यासाठी ती ठरवली होती.

गफलत इथेच आहे. मिर-२१ कोलनच्या बहुतेक कॅन्सरमध्ये निरोगी ऊतीपेक्षा जास्त असतो. दोन पटींची रेषा लावली तर बहुसंख्य रुग्ण ‘उच्च’ ठरतील. त्या शब्दाचा अर्थ मग इतकाच उरतो की हा कॅन्सर आहे, आणि ते बाईंना शस्त्रक्रियेच्या आधीच माहीत होते. प्रोग्नॉस्टिक रेषा कॅन्सरच्या रुग्णांतच ओढावी लागते, काही वर्षे पाठपुरावा केलेल्या गटावर, आणि मग दुसऱ्याच गटावर जशीच्या तशी तपासावी लागते. प्रसिद्ध अभ्यासांत कुणी मध्यक धरला, कुणी वरचा तिसरा हिस्सा, तर डॅनिश गटाने काचपट्टीवरच्या निळ्या रंगाचे प्रमाण मोजले. त्यातली कोणतीच रेषा या प्रयोगशाळेच्या पीसीआरवर उचलून ठेवता येत नाही. आपल्याच आकड्यांत सर्वात छान पी-मूल्य देणारी रेषा शोधून तीच प्रसिद्ध करणे ही तर जुनी आणि आजही चालू असलेली चूक आहे. ट्यूमर मार्करचे अभ्यास कसे मांडावेत याचे रिमार्क निकष २००५ पासून आणि पीसीआरचे एमआयक्यूई निकष २००९ पासून उपलब्ध आहेत. अहवाल हाती आला की त्या दोन याद्या शेजारी ठेवून वाचावा.

समजा, आकडा खरा आहे

वाद बाजूला ठेवून बोर्डाने मानून चालले की बाईंचा मिर-२१ खरोखर उच्च आहे आणि त्याने धोका दुप्पट होतो. मग काय?

कमी धोक्याच्या दुसऱ्या टप्प्यात पाच वर्षांत आजार परत येण्याचे प्रमाण १५ टक्के धरू. निम्मे रुग्ण उच्च आणि निम्मे नीच असतील, तर दुप्पट धोक्याच्या हिशेबाने नीच गटात सुमारे १० आणि उच्च गटात सुमारे १९ टक्के येते. केमोने हा धोका साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो असे धरले, तर उच्च गटात शंभरातल्या सुमारे चौघांना फायदा आणि नीच गटात दोघांना. धोक्याचे गुणोत्तर २ ऐकायला मोठे वाटते, पण निर्णयाच्या टेबलावर त्याचे वजन शंभरात दोन माणसांच्या फरकाइतके आहे.

आणि त्यातही एक गृहीतक लपले आहे: मिर-२१ उच्च असलेल्यांना केमोचा फायदा इतरांइतकाच होतो. २०१० मध्ये पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या कामात दिसले की मिर-२१ हा एमएसएच२ या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाला दाबतो, आणि त्यामुळे पेशी फ्लुरोयुरॅसिलला दाद देत नाहीत. २००८ च्या मूळ अभ्यासातही केमो घेतलेल्यांपैकी मिर-२१ उच्च असलेल्यांचे परिणाम वाईट होते. म्हणजे ‘उच्च आहे म्हणून केमो द्या’ ही साखळी उलटीही फिरू शकते. ज्याला धोका जास्त त्यालाच औषध कमी लागू पडेल.

आजार कसा वागेल हे सांगतो तो प्रोग्नॉस्टिक मार्कर. अमुक औषधाने फरक पडेल का हे सांगतो तो प्रेडिक्टिव्ह. दुसरा दावा करायचा तर केमो आणि केमोविना अशी वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासात मार्कर मोजावा लागतो. कोलनच्या दुसऱ्या टप्प्यात मिर-२१ बाबत निर्णय बदलण्याइतका असा पुरावा उभा राहिलेला नाही. घरच्यांना अहवालात दिसला तो प्रेडिक्टिव्ह अर्थ, आणि अहवालाच्या भाषेने तो अर्थ काढायला वाव दिला.

बोर्डाने मग वेळ कशावर घालवला

उरलेल्या दिवसांत आधीच मान्य असलेल्या खुणा पुन्हा तपासल्या. मेसेन्टरीची चरबी पुन्हा चाचपून आणखी पाच नोड मिळाले, एकूण १९, सगळे मोकळे. बारापेक्षा कमी नोड तपासणे ही स्वतंत्र धोक्याची खूण आहे. १४ पुरेसे असले तरी ही शोधाशोध स्वस्त असते आणि कधी कधी टप्पाच बदलून टाकते. शिरांच्या भिंती स्पष्ट दाखवणारे इलॅस्टिक रंग लावले, शिरांत कॅन्सर नाही. पेरिटोनियमला सर्वात जवळ असलेल्या जागी ब्लॉक खोलवर कापून पाहिला, पीटी४, म्हणजे पेरिटोनियमपर्यंत पोहोचलेली गाठ, नाही. ट्यूमर बडिंग, म्हणजे कडेला सुटलेले कॅन्सर पेशींचे छोटे पुंजके, मोजले: ०.७८५ चौरस मिलिमीटरच्या सर्वात दाट क्षेत्रात तीन कळ्या, म्हणजे बीडी१, कमी. या चार गोष्टींना मिळून पॅनेलपेक्षा खूपच कमी पैसे लागले.

रक्तातल्या ट्यूमर डीएनएचा पर्यायही मांडला गेला. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक अभ्यासात, २०२२ साली, दुसऱ्या टप्प्याच्या ४५५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांची केमो या तपासणीवरून, बाकीच्यांची नेहमीच्या पद्धतीने ठरवली. केमो घेणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटातल्या २८ च्या जागी १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षे आजाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण ९२.४ च्या तुलनेत ९३.५ टक्के, म्हणजे घसरले नाही. मार्करवरून निर्णय घेतला तर रुग्णाचे काय होते, हे तिथे थेट तपासले गेले. मिर-२१ ने हीच परीक्षा द्यायची बाकी आहे. त्या अभ्यासात रक्त शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात घेतले होते. बाईंचा चौथा आठवडा उलटून गेला होता. सातव्या आठवड्याचा एकच नमुना पाठवता आला असता, पण खर्च मोठा होता आणि एका नमुन्याच्या निगेटिव्ह निकालाला दोन नमुन्यांच्या निगेटिव्ह निकालाचे वजन देता येत नाही. कुटुंबाने तो नाकारला. तो निर्णय बोर्डालाही मान्य होता.

ठरले ते असे: केमो नाही. दोन वर्षे दर तीन महिन्यांनी सीईए आणि तपासणी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. छाती, पोट, ओटीपोटाचा सीटी स्कॅन वर्षातून एकदा. पहिल्या वर्षअखेर कोलोनोस्कोपी.

ओपीडीत मुलाचा प्रश्न सरळ होता. “डॉक्टर, रिपोर्टमध्ये लाल अक्षरात हाय रिस्क लिहिलंय, आणि तुम्ही औषध नको म्हणताय?”

“धोका शून्य आहे असं मी म्हणतच नाही. तुमच्या आईसारख्या शंभर जणींत पंधराएक जणींचा आजार परत येऊ शकतो. पण या चाचणीनं त्या पंधरा जणी कोण हे नीट कळत नाही. तोच तुकडा आपण परत मोजला तर आकडा जवळपास निम्म्यावर आला. आणि चाचणी खरी मानली तरी तो आकडा मोठा असणाऱ्यांना हे औषध लागू पडतं का, हेच ठरलेलं नाही.”

“म्हणजे मला गोळ्या नकोत?” बाईंनी विचारले.

“नकोत, मावशी. पण दर तीन महिन्यांनी यायचं. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवायची नाही. आजार परत आलाच आणि लवकर सापडला, तर यकृतावरची एखादी गाठ काढूनही माणूस बरा होतो.”

पॅनेलमधल्या बाकीच्या दोन ओळी

पॅनेलमध्ये हॉटएअरही होता: ‘निर्णय देता येत नाही, सीक्यू ३७’. हा सुमारे २,२०० न्यूक्लिओटाइडचा लांब नॉन-कोडिंग आरएनए. २०११ मध्ये कोलोरेक्टल कॅन्सरमध्ये त्याचा संबंध यकृतातल्या फैलावाशी आणि चौथ्या टप्प्यातल्या वाईट परिणामांशी दिसला होता. तो मुळातच थोडा असतो आणि फॉर्मलिनच्या ब्लॉकमध्ये त्याचे तुकडे पडतात. पीसीआरचा पट्टा ८० बेसच्या आत ठेवला आणि प्रायमर दोन एक्सॉनच्या सांध्यावर बसवले तरच मोजणीत काही अर्थ. ३५ च्या पुढचा सीक्यू हा आकडा म्हणून वापरू नये. प्रयोगशाळेने ‘निर्णय देता येत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले, ते योग्यच केले.

शेवटची ओळ शिफारस होती: दर तीन महिन्यांनी प्लाझ्मातला मिर-२१. तो सुरू करू नये असे बोर्डाने कळवले. मिर-२१ प्लेटलेट्समध्ये भरपूर असतो, सूज आणि जंतुसंसर्गातही वाढतो आणि इतर कित्येक कॅन्सरमध्येही. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर मिर-१६ आणि मिर-४५१ प्लाझ्मात उतरतात. मिर-१६ संदर्भ धरला असेल तर निकाल खोटा खाली येतो. मिर-२३ए वजा मिर-४५१ चा फरक ७ च्या वर गेला की नमुना टाकून द्यावा लागतो. हेपरिनच्या नळीत रक्त घेतले तर पीसीआरच अडतो, ईडीटीए लागते, आणि प्लेटलेट्स खाली बसवायला दोनदा सेंट्रिफ्यूज करावे लागते. गावातल्या संकलन केंद्रावरून दुपारभर फिरून आलेल्या नळीत यातले काय पाळले गेले हे शहरातल्या प्रयोगशाळेला कळायला मार्ग नसतो. सीईएची चाचणी जुनी आहे आणि तिच्यातही उणिवा आहेत, पण तिच्या चढ-उताराचा अर्थ लावता येतो.

प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रात अहवालाची ओळ अशी असावी असे सुचवले: “मिर-२१ निरोगी श्लेष्मलाच्या २.६ पट (संदर्भ मिर-१६ व मिर-३४५, ट्यूमरचा आखलेला संपूर्ण भाग, स्नायूथर वगळून). या पद्धतीसाठी प्रोग्नॉस्टिक सीमारेषा स्वतंत्र रुग्णगटावर पडताळलेली नाही. उपचाराचा निर्णय या आकड्यावर आधारू नये.” आणि सोबत एक विनंती: ब्लॉक परत पाठवताना त्यात किती ऊती उरली आहे ते नोंदवावे. दोन वेळच्या कापणीत ट्यूमर बराच संपला आहे, आणि आजार परत आला तर आरएएस आणि बीआरएएफ या जीन्सच्या तपासण्यांना याच ब्लॉकमधली ऊती लागू शकते.